सील दोनदा बदललं, तरी डिफरन्शियल गळतंय

प्रश्न : माझ्याकडे २०१४ची बोलेरो आहे, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. घरचं येणं-जाणं, शेतावर खतं नेणं आणि हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवणं, सगळं तिच्यावरच चालतं. दिवाळीच्या आधी मागच्या गोळ्यातून, म्हणजे डिफरन्शियलमधून, गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडलाय तिथून, ऑईल गळू लागलं. मेकॅनिकनं सील बदललं. फेब्रुवारीत पुन्हा गळती, पुन्हा नवं सील. महिनाभर बरं गेलं आणि आता परत जमिनीवर डाग. शिवाय डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओलसर दिसते. मेकॅनिक म्हणतो, क्राऊन-पिनियनच (गोळ्यातली गिअरची जोडी) बदलावं लागेल. तोवर जाड, म्हणजे ईपी-१४० ऑईल टाका आणि चालवा. शेताकडे जाताना ओढा लागतो, पावसाळ्यात त्याला गुडघाभर पाणी असतं. याचा काही संबंध आहे का माहीत नाही. खर्च करावा की गाडी काढून टाकावी?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : ओढ्याचं सांगितलंत हे फार बरं झालं. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे, आणि मेकॅनिकपर्यंत ती बहुधा पोचलेली नाही. क्राऊन-पिनियनला एवढ्यात हात लावू देऊ नका. ते गिअर झिजले तर गाडी आवाज करते, गिअर टाकताना-सोडताना झटका देते. त्यांच्या दातांमुळे ऑईल बाहेर येत नाही. शिवाय एकाच एक्सलवरची, एकमेकांपासून लांब असलेली दोन सीलं एकाच सुमारास गळू लागली, तर दोन्हींवर एकाच वेळी परिणाम करणारं कारण आधी शोधायचं असतं. तुमच्या गाडीत ते कारण ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी छोटी टोपी, असावं असा आमचा अंदाज आहे. त्याकडे येतोच, पण त्याआधी डावं चाक.

बोलेरोला मागं ड्रम ब्रेक आहेत. चाकाच्या आतल्या बाजूला ओल बाहेर दिसू लागली म्हणजे ती ड्रमच्या आत आधीच पोचलेली असणार. लायनरला, म्हणजे ड्रमवर घासून ब्रेक धरणाऱ्या पट्टीला, ऑईल लागलं की ते चाक ब्रेक धरत नाही, किंवा मधूनच एकदम धरतं. दोन्हीमध्ये गाडी एका बाजूला ओढते. भरलेल्या क्रेटसह माळशेज घाट उतरताना असं झालं तर सावरायला जागा नसते. म्हणून ड्रम उघडून पाहिल्याशिवाय या गाडीत माल भरू नका. पिनियनकडची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या जोडाकडची, गळती काही आठवडे सांभाळून घेता येते, ब्रेकमधली नाही.

ड्रम उघडल्यावर आत काय गळतंय हे आधी ओळखा. गिअर ऑईल घट्ट, चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास येतो. तो एकदा घेतला की विसरत नाही. ब्रेक ऑईल पातळ असतं, त्याला तसा वास नसतो. तरी शंका राहिली तर वाटीभर पाण्यात थेंब टाका : गिअर ऑईल वर तरंगतं, ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. ब्रेक ऑईल निघालं तर व्हील सिलिंडर गळतोय, तो वेगळा आजार आहे आणि त्याचा डिफरन्शियलशी संबंध नाही. गिअर ऑईल निघालं तर एक्सलचं सील गेलंय. भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत बसवायची पद्धत सर्रास आहे. ते करू नका. ऑईल लायनरच्या आतपर्यंत मुरलेलं असतं आणि ड्रम तापला की पुन्हा वर येतं. लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर डाव्या-उजव्याची पकड सारखी राहत नाही. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसून घ्या. ती फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते.

आता मूळ गळती. गळणाऱ्या एक्सलवर धूळ आणि ऑईलचा एवढा थर साचलेला असतो की नुसतं बघून जागा सांगणं म्हणजे अंदाजच. धावताना हवेनं ऑईल मागं पसरतं, त्यामुळे पुढून गळलेलं मागच्या कव्हरवर दिसतं आणि दोष कव्हरच्या पॅकिंगला जातो. आधी अख्खा गोळा, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि वरचा फ्लोअर डिझेल-ब्रशनं धुवा, मग ब्रेक क्लीनर मारून कोरडा करा. साध्या टाल्कम पावडरचा हलका थर सगळीकडे उडवा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि खाली टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथं पहिल्यांदा काळी पडली ती जागा खरी. पिनियनकडून गळत असेल तर आणखी एक खूण हमखास मिळते : फ्लँज (पिनियनच्या टोकावरची, प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) फिरताना ऑईल भिरकावते आणि तिच्या बरोबर वर, फ्लोअरच्या खालच्या पत्र्यावर ऑईलचा आडवा पट्टा उमटतो. फ्लँजच्या मधोमध, नटाच्या भोवती ओल असेल आणि सीलच्या बाहेरच्या कडेला नसेल, तर सील चांगलं आहे. ऑईल स्प्लाइनच्या, म्हणजे फ्लँज आणि पिनियन जिथं एकमेकांत अडकतात त्या खाचांच्या, दातांमधून नटाखालून येतंय. हे अनेकदा नजरेतून सुटतं आणि चांगलं सील फुकट बदललं जातं.

आणि आता ब्रीदर. मागच्या एक्सलच्या नळीवर किंवा गोळ्याच्या वर एक छोटी टोपी असते, काही गाड्यांत तिला रबरी पाईप जोडलेला असतो. काम एवढंच की आतली हवा बाहेर-आत करू देणं. गाडी माल घेऊन तास-दोन तास चालली की डिफरन्शियल चांगलं तापतं. आतली हवा २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली आणि तिला जायला वाट नसेल, तर दाब सुमारे एक पंचमांशानं वाढतो, म्हणजे जवळपास ३ पीएसआय. ऐकायला थोडा वाटतो, पण ऑईल सीलची लिप, म्हणजे फिरत्या भागाला टेकणारी रबरी कड, ही नुसती ऑईल अडवायला असते, सतत दाब पेलायला नाही. तो दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो : कधी पिनियन सील, कधी एक्सलचं सील, कधी दोन्ही. तुम्ही नवं सील घातलंत की ते काही दिवस झुंज देतं आणि मग तेही हरतं. तुमचं 'महिनाभर बरं गेलं' याच्याशी जुळतं.

ओढ्याचा संबंध इथं येतो. चिखलाचं पाणी टोपीवर येऊन वाळतं, टोपीखाली मातीची खुटी बसते आणि वाट बंद होते. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि आत ओढ तयार होते. ब्रीदर बंद असेल तर पाणी सीलच्या लिपमधून आत ओढलं जातं. म्हणून तुमच्या गाडीचं ऑईल काढून बघणं हे जितकं गळतीसाठी, तितकंच पाण्यासाठीही आवश्यक आहे.

ब्रीदर तपासायला अवजारं लागत नाहीत. भोवतालची माती आधी ब्रशनं साफ करा, म्हणजे उघडताना आत पडणार नाही. टोपी बोटानं गोल फिरली पाहिजे आणि किंचित वर उचलली गेली पाहिजे. अडकली असेल तर काढून रॉकेलमध्ये भिजवा आणि फुंकून बघा. हवा सरळ गेली पाहिजे. तरी शंका असेल तर वीस-तीस किलोमीटर चालवून आणल्यावर फिलर प्लग फडक्याखाली धरून अगदी हळू, अर्धा-अर्धा फेरा करत ढिला करा, तोंड बाजूला ठेवा. 'फुस्स' असा आवाज आला तर आत दाब साठत होता, निदान झालं. नवा ब्रीदर स्वस्तात मिळतो, जुनाच साफ करून बसवण्यात फारसं शहाणपण नाही. तुमच्यासारख्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला तर आम्ही सुचवू की टोपीच्या जागी नळीचा नोझल बसवून घ्या आणि ऑईल सोसणारा रबरी पाईप चासीच्या वरच्या भागापर्यंत न्या. एक्सल वर-खाली होतो, म्हणून पाईपला ढील ठेवा, टोक खाली वळवा आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

ऑईलच्या पातळीचंही बघा. गळतंय म्हणून प्रत्येक वेळी 'थोडं जास्तच टाका' असं होतं आणि गोळा गळ्यापर्यंत भरतो. जास्तीचं ऑईल क्राऊनच्या फिरण्यानं घुसळलं जातं, तापतं, फेसाळतं आणि एक्सलच्या नळ्यांमधून चाकांकडे ढकललं जातं. सपाट जागेवर, गाडी थांबवून दहा मिनिटं झाल्यावर फिलर प्लग काढा. ऑईल भोकाच्या खालच्या कडेला किंवा तिच्या अगदी थोडं खाली असलं पाहिजे; करंगळी आत वाकवून लागलं पाहिजे. प्लग काढताच धारच लागली तर गळू द्या, थांबली की झाकण लावा. गाडी रोज उतारावर, एका अंगाला कलून उभी राहत असेल तर खालच्या बाजूच्या सीलवर ऑईल उभं राहतं. तुमच्या दारात डावी बाजू खाली येते का, हे एकदा बघून घ्या.

ऑईल काढताना एक नियम कधी मोडू नका : आधी वरचा फिलर प्लग उघडायचा, मग खालचा ड्रेन. फिलर गंजून बसलेला असेल आणि ऑईल आधीच सोडून दिलं, तर भरायला वाट नसलेली गाडी ऑईलशिवाय उभी राहते. ऑईल कोमट असताना सोडा. ड्रेन प्लगवरच्या चुंबकाला काळपट मऊ लेप लागलेला असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारा कण, टवका किंवा दाताचा तुकडा असेल तर मात्र कव्हर उघडूनच बघावं लागेल, आणि त्या वेळी क्राऊन-पिनियनची चर्चा रास्त ठरेल. ऑईल ताकासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तसं असेल तर नवं भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि तेही काढून पुन्हा नवं भरा. एका बदलात सगळं पाणी निघत नाही, आणि राहिलेलं पाणी बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पाडतं. आत रॉकेल टाकून गाडी चालवून 'धुण्याचा' प्रकार होऊ देऊ नका, तेवढ्यात बेअरिंग कोरडं पडतं.

ईपी-१४० विषयी. जाड ऑईल टाकल्यानं गळती थांबत नाही, फारतर मंदावते, आणि तीही गाडी गार असेपर्यंत; तापल्यावर तेही पातळ होतं आणि दाबाखाली त्याच वाटेनं बाहेर येतं. थंडीच्या पहाटे मात्र ते पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. मागच्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर फिरतात तसे घासतातही, आणि त्या घासण्यासाठी ऑईलमध्ये गंधक-फॉस्फरसची खास रसायनं लागतात. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं हवं. जाडी गाडीच्या पुस्तिकेत दिलेली घ्या. अशा एक्सलना बहुधा ईपी-९० किंवा ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं. किती मावेल हे पुस्तिकेत असतं, पण अखेरचा शब्द फिलरच्या भोकाचा. 'लीक-स्टॉप' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या रबर फुगवतात. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुढं तेच रबर मऊ पडून फाटतं. बाहेरून एम-सील लावायचा मोहही टाळा, ऑईल लागलेल्या लोखंडावर ते धरत नाही.

ब्रीदर मोकळा करून, पातळी नीट करून आठवडाभर बघा. गळती थांबली किंवा नुसती ओल राहिली, तर तुमचा मोठा खर्च वाचला. मात्र दोनदा सील बदलून झालंय म्हणून तिसऱ्यांदा उघडावं लागण्याची शक्यताही धरून चला, आणि ते काम कसं व्हायला हवं हे पुढं सविस्तर देतोय. मेकॅनिकसोबत बसून वाचा. या एका कामात जितक्या चुका होतात तितक्या बाकी सगळ्या एक्सलच्या कामात मिळून होत नसतील.

उघडण्याआधी बेअरिंगची ढिलाई तपासा. प्रोपेलर शाफ्ट सोडून फ्लँज हातात धरा आणि वर-खाली, पुढं-मागं हलवून बघा. या दिशांना हालचाल अजिबात नको. जराही खडखडली तर पिनियनचं बेअरिंग सैल झालंय आणि त्यावर कितीही सीलं घाला, लिप शाफ्टबरोबर नाचत राहणार आणि गळणार. तुमच्या वाहनाचं वय पाहता ही शक्यता ब्रीदरच्या खालोखाल आहे. फ्लँज गोल फिरवताना थोडा मोकळेपणा जाणवतो, तो दातांमधला बॅकलॅश आहे आणि तो हवाच. त्याला ढिलाई समजू नका. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फुलीच्या आकाराचा सांधा) खडखडत असेल तर तोही बदला, त्याची थरथर थेट सीलवर येते.

गाडी उचलताना एक धोका सगळ्यांच्याच लक्षात राहतो असं नाही. बोलेरोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि गाडी गिअरमध्ये टाकली तरी ती पकड प्रोपेलर शाफ्टमधूनच चाकांपर्यंत जाते. मागची चाकं वर आणि शाफ्ट सुटलेला, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जाड लाकडी ठोकळे लावा, गाडी स्टँडवर ठेवा. दगड-विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका.

शाफ्ट काढण्याआधी त्याच्यावर आणि फ्लँजवर मिळून रंगाची एक रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. सुटलेलं टोक तारेनं वर बांधा, लोंबत ठेवू नका. मग दोन्ही ड्रम काढून, चाकं मोकळी असताना, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजा. बारीक मापाचा टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर फ्लँजभोवती दोरी गुंडाळा, तिला स्प्रिंगचा काटा लावा आणि सावकाश एकसारखी ओढा; फिरत असतानाचं वजन वाचा, सुरुवातीच्या झटक्याचं नाही. काट्यावरचे किलो, गुणिले ९.८, गुणिले मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये, म्हणजे न्यूटन-मीटर. उदाहरणार्थ ५ सेंटिमीटरवर २ किलो आलं तर साधारण १ न्यूटन-मीटर. आकडा लिहून ठेवा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज, तिन्हींवर एका रेषेत पंचनं खूण करा आणि नटाबाहेर पिनियनचे किती आटे दिसतात तेही मोजा.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये अनेक एक्सलना एक पातळ लोखंडी नळी असते, तिला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळताना ती ठरावीक दबते आणि बेअरिंगवर योग्य ताण येतो. नट जास्त आवळला की ती जास्त दबते, आणि ढिला केल्यावर परत फुगत नाही. मग बेअरिंग घट्ट चालून तापतं आणि जातं. नट कमी आवळला तर पिनियन पुढं-मागं खेळतो आणि सील पुन्हा गळतं. इम्पॅक्ट गननं 'घर्र' करून नट बसवला की या दोहोंपैकी एक होणारच. काही एक्सलमध्ये स्लीव्हऐवजी शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ चकत्या, असतात. तिथं पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळून भागतं. तुमच्यात काय आहे ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या. दोनदा सील बदलताना नट कसा आवळला हेही मेकॅनिकला शांतपणे विचारा, राग न धरता. या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

फ्लँज पुलरनं काढायची. हातोड्यानं ठोकून काढली तर तो मार बेअरिंगच्या रोलरवर जातो आणि कपात खाचा पडतात. निघाल्यावर तिचा तो गुळगुळीत गोल भाग, जिथं सीलची लिप घासते, तिथून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथं खोबण पडली आहे. नवं सील पुन्हा त्याच खोबणीत बसतं आणि काही हजार किलोमीटरही टिकत नाही. यावर चांगला उपाय नवी फ्लँज. ती मिळत नसेल तर पाव मिलीमीटरच्या आसपास जाडीची तयार स्टील स्लीव्ह तिथं चढवता येते, सील मूळ मापाचंच राहतं. मोठ्या बेअरिंगच्या दुकानात माप देऊन मागवता येते. लेथवर फ्लँज कातून घेऊ नका. माप तर घटतंच, पण टूलच्या बारीक आट्यांसारख्या रेघा उरतात आणि त्या फिरताना ऑईल बाहेर पंप करतात. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोलाईच्या दिशेनंच फिरवा.

सील घेताना जुनं सोबत न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलीमीटरमध्ये कोरलेली असते. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो जुळला पाहिजे. पार्ट नंबर असलेलं, बंद पाकिटातलं, अधिकृत विक्रेत्याकडचं घ्या. सील हा स्वस्त भाग आहे, मजुरी आणि ऑईल महाग आहे. तिथं पैसे वाचवून काही हाती लागत नाही. जुनं सील हुकनं काढताना त्याच्या बसायच्या जागेला ओरखडा पडू देऊ नका. नव्याच्या लिपला ग्रीस लावा आणि लिपमागच्या बारीक स्प्रिंगच्या खाचेतही ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना ती स्प्रिंग उडून बाहेर पडते आणि कुणाला कळतही नाही. बाहेरच्या कडेएवढ्या पाईपच्या तुकड्यानं किंवा मोठ्या सॉकेटनं सरळ, समांतर आत दाबा. आधीचं जेवढं खोल होतं तेवढंच. तिरकं बसलेलं सील पहिल्या दिवसापासून पाझरतं.

फ्लँजच्या स्प्लाइनला आणि नटाखालच्या वॉशरला सीलंटचा पातळ हात द्या. मघाशी सांगितलेली स्प्लाइनमधली गळती याच टप्प्यावर बंद होते. नट नवा वापरा. तो पान्यानं, थोडा-थोडा आवळत खुणेपर्यंत आणा, मधून पिनियन फिरवत राहा म्हणजे बेअरिंग नीट बसेल. मग पुन्हा दोरी-काट्यानं माप घ्या. ते आधीच्या आकड्याएवढं किंवा फारतर अर्धा न्यूटन-मीटर जास्त यावं. कमी आलं तर नट अगदी थोडा पुढं घ्या आणि परत मोजा. जास्त गेलं तर नट मागं फिरवून काम भागवू नका, नवी क्रश स्लीव्ह घालावी लागेल. आणि सुरुवातीलाच माप जवळपास शून्य आलेलं असेल, तर बेअरिंग झिजल्याची ती साक्ष आहे; तेव्हा बेअरिंग आणि स्लीव्ह बदलण्याचा खर्च योग्य आहे, तोही क्राऊन-पिनियन न बदलता.

चाकाकडच्या सीलचं काम तुलनेनं सरळ आहे. बॅकप्लेटचे (ड्रममागच्या पत्र्याचे) नट सोडून एक्सल शाफ्ट बाहेर ओढतात. निघताना आणि परत घालताना शाफ्टचं वजन हातांनी तोलून धरा. स्प्लाइनचे दात सीलवरून घासले की नवी लिप तिथंच कापते. मागं शिम निघाल्या तर त्या बाजूच्या त्याच बाजूला ठेवा. बेअरिंग फिरवून बघा, खरखर असेल तर ते सीलबरोबरच बदला. ते शाफ्टवर कॉलरनं अडवलेलं असेल तर जुनी कॉलर कापून काढतात आणि नवी हायड्रॉलिक प्रेसवर दाबतात. तीच कॉलर पुन्हा वापरली किंवा हातोड्यानं ठोकली तर ती सरकू शकते, आणि सरकली तर चाकासकट शाफ्ट बाहेर येतो. प्रेस नसलेल्या गॅरेजात हे काम करून घेऊ नका.

मागचं कव्हर उघडावं लागलंच तर दोन्ही पृष्ठभाग ऑईलविरहित कोरडे करा. आधी कुणी बोल्ट फार आवळले असतील तर भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो. सपाट ऐरणीवर ठेवून तो सरळ करा. सिलिकॉन सीलंटची तीन-चार मिलीमीटर जाडीची अखंड वळी बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं फिरवा. बोल्ट समोरासमोर आवळा. लगेच ऑईल भरू नका, रात्रभर सुकू द्या. ड्रेन प्लगचं वॉशर नवं घाला.

एक गोष्ट तुमच्या गाडीत नसावी, पण माल वाहणाऱ्या गाड्यांत होते : गोळा आणि नळी जिथं जुळतात तिथल्या वेल्डिंगला तडा. टाल्कमच्या परीक्षेत सीलपासून दूर, नळीच्या मुळाशी बारीक काळी रेघ उमटली तर तो तडा समजा. वरून वेल्ड मारला तर उष्णतेनं नळी वाकते आणि दोन्ही चाकांची सरळ रेष बिघडते. तसं निघालं तर हाउसिंगच, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, बदलायचं.

(स्विफ्ट, वॅगन-आरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या असणाऱ्यांसाठी : तुमच्याकडे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं आणि दोघांचं ऑईल एकच. गळती ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून होते. तिथं मागच्या एक्सलचं जीएल-५ ऑईल टाकू नका, गिअरबॉक्सला सांगितलेलंच घाला.)

गाडी विकायचं म्हणाल तर या गळतीसाठी विकू नका. गळक्या डिफरन्शियलसह विकायला काढलीत तर समोरचा क्राऊन-पिनियनचा खर्च धरूनच किंमत पाडेल, आणि तो खर्च बहुधा लागणारच नाही. क्रम असा ठेवा : डावा ड्रम, लायनर आणि एक्सल सील याच आठवड्यात, त्याच वेळी ब्रीदर आणि ऑईल बदल. मग आठवडाभर निरीक्षण. पिनियनकडून तरीही थेंब पडत राहिले तर फ्लँज आणि बेअरिंगची वर सांगितलेली तपासणी. गाडी वेग धरताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून लांबट कुईं असा आवाज येऊ लागला, तर मात्र थांबून लगेच पातळी बघा आणि ऑईल कमी असेल तर भरल्याशिवाय पुढं जाऊ नका.

निघालेलं जुनं ऑईल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून जळकं ऑईल गोळा करणाऱ्याकडे द्या. काम झाल्यावर पन्नास किलोमीटरनंतर एकदा खाली वाकून बघा, ड्रेन आणि फिलर प्लगवर पाना लावून तपासा आणि पुढच्या हजार किलोमीटरला पातळी पुन्हा बघा. पावसाळ्यात ओढा ओलांडण्याआधी, गाडी तापलेली असेल तर काठावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग पाण्यात घाला. दसऱ्याच्या सुमारास, पाणी ओसरलं की, फिलर प्लग उघडून ऑईलचा रंग पाहा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदलून टाका.